जाळीची दुर्बीण

अहिल्यानगरहून कल्याणकडे जाणारा रस्ता पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर मागे टाकून जुन्नर तालुक्यात शिरतो. तो तालुका पुणे जिल्ह्यातला. त्याच तालुक्यात, नारायणगावाजवळ, खोडद हे गाव आहे. तेथे शेतांच्या मधोमध आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या जगप्रसिद्ध दुर्बिणीच्या त्या अँटेना होत.

आकाशातील तारे व दीर्घिका प्रकाशाप्रमाणेच रेडिओलहरीही पाठवितात. परंतु या लहरी प्रकाशलहरींपेक्षा लाखो पट लांब असतात. लहर जितकी लांब, तितकी स्पष्ट चित्रासाठी दुर्बीण मोठी लागते. खोडदच्या दुर्बिणीसारखे बारकावे एकाच तबकडीने टिपावयाचे, तर ती सुमारे २५ किलोमीटर रुंद असावी लागेल! अशी तबकडी कोण बांधणार?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाची उकल दोन युक्तींनी केली. पहिली युक्ती विभागणीची. त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ ठेवल्या व १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या. सर्वांनी टिपलेले संकेत एकत्र आणून संगणक त्यांचे एक चित्र तयार करतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तबकड्यांच्या दिशाही बदलत जातात आणि चित्रातील रिकाम्या जागा भरत जातात.

तरीही अडचण उरलीच. ४५ मीटरांची भरीव तबकडी वाऱ्यात शिडासारखी ताणली जाईल. तिला पेलण्यास अतिशय जड सांगाडा हवा आणि खर्चही अफाट. येथे दुसरी युक्ती कामी आली. तुम्ही घरी ज्वारी चाळताना पाहिली असेल. दाणे चाळणीवर राहतात, धूळ मात्र खाली जाते. छिद्र लहरीपेक्षा पुष्कळ लहान असले, तर लहरही तशीच अडते आणि परत फिरते. वारा मात्र निघून जातो. या दुर्बिणीच्या लहरी सुमारे २० सेंटिमीटरांपासून दोन मीटरांहून अधिक लांबीच्या. म्हणून पत्र्याऐवजी एक-दोन सेंटिमीटर छिद्रांची बारीक पोलादी जाळी वापरली. सांगाड्यावर तारांचे दोर ताणून त्यांना ती जोडली व दोरांच्या ताणाने तिला नेमका बाक दिला. अगदी आखूड लहरी या जाळीतून निसटतात. परंतु त्या पकडणे हे या दुर्बिणीचे कामच नव्हे.

४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. पुढे २०२० साली तिच्या साहाय्याने भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचे मोजमाप केले. इतक्या दूरचा क्षीण संकेत त्या हलक्या जाळीने निष्ठेने टिपला होता.

साधने थोडी असली म्हणजे काम थोडे करावे, असे नाही. कामाला नेमके काय हवे, हे ज्याला उमगले, त्याला अनावश्यक भार टाकून देता येतो. खोडदच्या माळावरील त्या तबकड्यांत पत्रा नाही. पण विचार मात्र भरीव आहे.