कथासंग्रहाच्या प्रती दिवाळीत भेट द्याव्यात का?

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह दिवाळीच्या सुमारास येतो आहे. विकत घेणाऱ्यांतून सोडत काढून काही जणांना बक्षिसं द्यावीत, असं मनात आहे. काहीजण म्हणतात, निम्म्या प्रती फुकटच वाटून टाक. पण मग विकत कोण घेईल?

उत्तर : आधी सोडतीचं बघू. सोडतीत भाग घ्यायला पुस्तक विकत घेण्याची अट घातली, की ती विक्री वाढवण्यासाठी काढलेली लॉटरी ठरते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिची गणना अनुचित व्यापारी प्रथांत होते. प्रवेश विनामूल्य ठेवा आणि नशिबाऐवजी कौशल्याला वाव द्या. स्पर्धा नशिबाची की कौशल्याची, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवरील खटल्यातच महत्त्वाचा मानला होता. ‘आजीकडून ऐकलेली, अजून कुठेच न छापलेली एक गोष्ट दहा ओळींत लिहा’ एवढं विचारलंत तरी पुरे. निवड मात्र दुसऱ्या कुणा जाणत्या वाचकाकडून करून घ्या आणि निकाल सगळ्यांना कळवा. तो दडवून ठेवणंही याच कायद्याला मान्य नाही.

आता विक्रीची भीती. मोफत प्रतीमुळे गिऱ्हाईक तुटतं, हा समज नव्या लेखकाच्या बाबतीत बहुधा उलटा आहे. तुमचं नावच ज्याने ऐकलेलं नाही, तो तसाही पुस्तक घेणार नव्हता. त्यातून कथासंग्रहाची एक मोठी सोय असते. कादंबरी वाचलेला माणूस ‘छान आहे’ म्हणून थांबतो, पण कथा वाचलेला चहा पिता पिता ती अख्खी सांगून टाकतो. म्हणून प्रकाशकाला विचारून संग्रहातली एक कथा सर्वांसाठी खुली करा. ती सर्वांत चांगलीच निवडा, हातची राखू नका. पूर्ण पुस्तकं मात्र स्पर्धेतल्या वीसएक विजेत्यांनाच द्या. निम्मी आवृत्ती वाटायची काहीच गरज नाही.

वेळ नीट साधा. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळीत कथा वाचायची सवय आहे. पण त्याच दिवसांत शेकडो अंक बाजारात येतात आणि कुरिअरवाल्यांकडेही पार्सलांचे ढीग लागतात. म्हणून घटस्थापनेला स्पर्धेची घोषणा करा, दसऱ्याला प्रवेशिका बंद करा, कोजागरीला निकाल लावा. वसुबारसेपर्यंतच्या बारा-तेरा दिवसांत पुस्तकं घरोघरी पोचतील. पत्ते फक्त विजेत्यांकडूनच मागवा. परदेशातल्या वाचकाला इथल्या नातेवाइकाचा पत्ता द्यायला सांगा, कारण तिकडचं टपाल पुस्तकाहून महाग पडू शकतं.

राहिली अभिप्रायाची गोष्ट. ‘प्रत मिळाली तर चांगलं लिहीन’ असं कुणाकडूनही कबूल करून घेऊ नका. ‘वाचून झाल्यावर खरं काय वाटलं ते कळवा, आणि पुस्तक पुढे कुणाला तरी वाचायला द्या’ एवढी चिठ्ठी पहिल्या पानात ठेवा. त्या प्रती हातोहात फिरू द्या, परत मागू नका.