आधी डबे उघड, मग गॅस पेटव

बाबू, यवतमाळात भाड्याच्या दोन खोल्यांत चौघांचं पोट, पगार वीस तारखेलाच दमतो आणि किराण्याची यादी काही दमत नाही, हे तू सांगितलंस तेव्हा मी हसले नाही. थोडी हसले. हे सूनबाईच्या हाती देऊन मोकळा होऊ नकोस. पोटं चार आहेत, तर हात निदान चार तरी लागले पाहिजेत. शाळेपासून तुला सगळं क्रमांक घालून लागतं, म्हणून क्रमांक घालतेय.

1. आज काय करायचं ते फ्रीज पाहून ठरवू नकोस, डबे पाहून ठरव — फ्रीजमधलं नासलं की वास येतो, डब्यातलं गुपचूप किडतं. "डबा न बघता बाजार, तर माल घरात दोनदा हजर."

2. बाजारला पोटभर खाऊन जा. पालेभाजी सकाळी घे, आलू-वांगी-कोहळं दिवेलागणीला — तेव्हा माल परत न्यायची कोणालाच हौस नसते.

3. दोन्ही वेळेला गव्हाचीच पोळी पाहिजे, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? एक वेळ ज्वारीची भाकर ठेव — पोट जास्त वेळ धरते, आणि पोळीसारखं पिठात तेलाचं मोहन नाही की वरून तूप चोळणं नाही.

इथं जरा थांबते. माझ्या सासूबाई 1972च्या दुष्काळातल्या रेशनच्या लाल मिलोचं, त्या परदेशी ज्वारीचं, नाव काढलं तरी तोंड वाकडं करत. तेव्हा मुख्यमंत्री आपल्याच पुसदजवळच्या गहुलीचे, वसंतराव नाईक, संकरित ज्वारीचे मोठे पुरस्कर्ते. आणि आज त्यांच्याच जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीननं शेतं अशी व्यापलीत, की कितीतरी शेतकऱ्यांच्या घरीसुद्धा खायची ज्वारी दुकानातून येते. 2023 हे भरडधान्यांचं जागतिक वर्ष झालं, तर ज्वारीच्या बिस्किटांचे महागडे पुडे निघाले. तू पुडे आणू नकोस, भाकर थापायला शीक.

4. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आण — जुन्या पिठाची विरी जाते, भाकर तव्यावर जायच्या आधीच फाटते, चवही कडवट होते.

5. पाणी चांगलं गरम घे आणि परातीत पीठ मन लावून रगड. पहिल्या दहा भाकरी नकाशासारख्या होतील, त्या हसत खा.

6. भाकरीसोबत वरण, झुणका, मूग, काहीतरी डाळीचं असू दे — ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, डाळीत ते भरपूर असतं. नुसती चटणी-भाकर गरिबाची म्हणून गोड मानायची नाही, पोरं वाढायची आहेत.

7. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. गावाकडचा माल बाजार समितीत जायच्या आधी वर्षाची तूर बाजूला काढून घे — जानेवारीत विकायची आणि श्रावणात तीच डाळ पुड्यात विकत आणायची, हा धंदा फक्त दुकानदाराच्या फायद्याचा.

8. आख्खी तूर ठेवायची तर कडक ऊन दे, आणि किलोला चमचाभर एरंडेल चोळ — भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते, तेलकट सालीवर ती जगत नाहीत. जमलं तर डाळच करून आण, तिला भुंगा कमी लागतो.

9. डाळ अर्धा तास भिजवून मग कुकरला लाव, आणि चिंच, भेदरं, अंबाडी सगळं डाळ शिजल्यावरच टाक — आंबटात डाळ हट्टाला पेटते, शिजत नाही.

10. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजेना, तर खायचा सोडा टाकू नकोस, भिजवायचा वेळ वाढव — सोड्यानं डाळीतलं ब जीवनसत्त्व जातं.

11. आणि पाण्याचंच निघालं तर हे नीट ऐक. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी प्यायलाही नको आणि वरण-भातालाही नको — उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. गावाकडं राहायला गेलात तर आधी विचारा, पाणी तपासलंय का.

12. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा स्वस्त झाल्या की पिशवी भरून आण आणि टीव्हीपुढं सगळ्यांना सोलायला बसव — सोल्यांची आमटी, सोलेभात, वांग्यात सोले, महिनाभर भाजीचा प्रश्न पडत नाही. पोरं सोलता सोलता निम्मे खातील. खाऊ दे, त्यासाठीच तर आणल्यात.

13. जवस आख्खं ठेव, चटणी आठवड्यापुरतीच कुट — कुटलेलं जवस लवकर खवट होतं. भाजलेलं जवस, सुकी मिरची, लसण, मीठ, एवढंच.

14. फल्लीदाण्यांतले काळे, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे निवडून टाकून दे, "भाजले की चालतं" म्हणू नकोस — त्या बुरशीचं विष भाजून जात नाही. मूठभर दाण्यांची काटकसर दवाखान्यात महाग पडते.

15. घरचं सोयाबीन गावाहून आलं म्हणून कच्चंच गव्हात टाकून दळू नकोस. वीसेक मिनिटं उकळ, खडखडीत वाळव, मग नऊ किलो गव्हाला एक किलो — कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, उकळल्यानं ते निकामी होतात.

16. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळ्या रंगाचे दिसले, पाण्यात तरंगले, तरी प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून वेचून फेकू नकोस — लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून केलेले ते दाणे, शंभराला एक अशा हिशोबानं मिसळलेले असतात. फक्त घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारून घे. आणि तांदूळ सात पाण्यांनी धुवायचा नाही, दोन पुरे.

17. चौघांना महिन्याला दोन लिटर तेल. पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेव — पिंपातून ओतताना हात सैल सुटतो, बरणीतून आखडतो. लालभडक तर्री सणावाराला आणि माझ्या घरी.

18. फोडणीत मोहरी तडतडली की लगेच आच कमी कर. "जळली फोडणी, पैसा आपला आणि ठसका शेजाऱ्याचा."

19. तळणीचं उरलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत भाजीला वापर, पुन्हा तळायला घेऊ नकोस — तापून तापून ते बिघडतं, आणि रंग काळा पडेपर्यंत आपल्याला समजत नाही.

20. एप्रिल-मेचं ऊन फुकट जाऊ देऊ नकोस. पंचेचाळीस अंशांत आपण भाजून निघतो, तर निदान मुंगवड्या तरी वाळवून घ्याव्यात: मुगाची डाळ भिजव, मिरची-जिरं घालून भरड वाट, धुतलेल्या कापडावर छोट्या वड्या घाल. ताटात टाकल्यावर टणकन वाजली तरच डब्यात — आतून ओली राहिलेली एक वडी अख्ख्या डब्याला बुरशी लावते. जुलैत भाजी कडाडली की आलू-मुंगवडीचा रस्सा कर आणि मला फोन कर.

21. पावसाळ्यात तरोटा, काटवलं, कुंजर, घोळ, जे ओळखीचं मिळेल ते खा. ओळख नसेल तर जाणत्या बाईला दाखव, मोबाइलच्या फोटोला नको. पण कपाशीच्या धुऱ्यावरची भाजी फवारणी झाल्यावर तोडायची नाही — पानावरचं औषध नुसत्या धुण्यानं जाईलच असं नाही.

22. हा मुद्दा मी थट्टेत सांगत नाही. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली, मापाचा ग्लास, बादली, काहीही स्वैपाकघरात येता कामा नये. कितीही छान झाकणाची असली तरी तिच्यात तेल भरायचं नाही, रॉकेलसुद्धा नाही. 2017च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यानं विषबाधेनं किती माणसं गमावली, ते तुला माहीत आहे. ते शेतात झालं, पण गावाकडं शेत आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठाच असतो.

23. अंबाडीची भाजी उकडून पाणी पिळून टाक, मग शिजलेल्या डाळीत आणि ज्वारीच्या कण्यांत घाल, वरून लसणाची फोडणी — नाहीतर पोरं आंबट म्हणून ताट सरकवतात. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवू नकोस, कळकतं.

24. घरात भाजी नाही आणि पाहुणा दारात, तर पाटोडीचा रस्सा. बेसन, मिरची, कोथिंबिरीची जुडी आणि धीर एवढंच लागतं.

25. भात उरला तर तासाभरात पसरट ताटात गार करून फ्रीजमध्ये ठेव. उन्हाळ्यात दिवसभर ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊन वाचवू नकोस — गरमीत त्यात धरलेलं विष पुन्हा तापवून जात नाही. भाकर मात्र बिनधास्त उरू दे, सकाळी कुटके करून कांद्याची फोडणी दे.

26. जेवण झाल्या झाल्या चहा नको, तासभर थांब — भाजी-डाळीतलं लोह चहा अंगी लागू देत नाही. त्याउलट ताटात लिंबाची फोड ठेव, ती मदत करते.

27. पोरांच्या पुड्यांवर बंदी घालू नकोस, फक्त फुटाणे, फल्लीदाणे आणि गुळाचा डबा त्यांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठेव आणि पुडे वरच्या फळीवर. भूक आळशी असते, जवळचं खाते.

28. चौघं एकत्र जेवा. एकत्र जमत नसेल त्या दिवशी सूनबाईचं ताट आधी वाढून झाकून ठेव — सगळ्यांना वाढून शेवटी भांड्याला लागलेलं खाणाऱ्या बाया मी जन्मभर पाहिल्या, त्यांच्या अंगात रक्त नसायचं आणि लोक म्हणायचे, किती संसारी आहे. तसली काटकसर आपल्या घरात नको. पैसे वाचवायचे तर तेलातून वाचव, पुड्यांतून वाचव.

29. आठवड्यातून एक वेळ स्वैपाक तू कर, पूर्ण, भांड्यांसकट. महागाई म्हणजे काय ते तुला बातम्यांपेक्षा लवकर कळेल.

30. मिरच्या वर्षाच्या एकदम घ्यायच्या असतील तर भिवापुरी घे, देठासकट कडक वाळव, तळाशी हिंगाचा खडा टाक. तिखट मात्र दोन महिन्यांपुरतंच कुटून आण — रंगही उडतो, वासही उडतो. या वेळी माझ्यासाठीही दोन किलो सांग, आणि पैसे तू देऊ नकोस, उगाच भांडण नको.