मेगर चांगला आला, तरीही

खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात स्टीम टर्बाइनवर चालणारा ११ केव्हीचा जनरेटर होता. शटडाऊनमध्ये त्याचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनच्या रोधाची चाचणी, घेतला, तर एका मिनिटाला दोन हजार मेगओहमच्या वर आणि पीआय (दहा मिनिटांच्या आणि एका मिनिटाच्या आकड्यांचं गुणोत्तर) तीनच्या पुढे. आकड्यांत खोट काढायला जागा नव्हती. मग टॉर्च घेऊन आत पाहिलं. लाइनच्या टोकाकडच्या काही कॉइल स्लॉटमधून जिथे बाहेर पडतात, तिथे पांढरी पूड साचली होती. छोट्या हातोडीने कॉइल स्लॉटमध्ये दाबून धरणारा एकेक वेज ठोकत गेलो. बहुतेक टणक वाजले, पण त्याच स्लॉटमधले सलग काही वेज बदबद बोलले.

वेज पुन्हा घट्ट करा, टॅन डेल्टा (इन्सुलेशनमधला विद्युत ऱ्हास) आणि पीडी (आंशिक डिस्चार्ज) या चाचण्या करून घ्या, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं. मेगर एवढा उत्तम असताना मशीन कशाला उघडायची, असं ठरलं. पावसाळा सरता सरता अर्थ फॉल्टवर मशीन ट्रिप झाली. जळालेली कॉइल त्याच सैल स्लॉटमधली निघाली.

मेगर ही डीसी चाचणी आहे. ओल, धूळ, तेलकटपणा, आरपार गेलेली भेग हे ती पकडते. पण अभ्रकाच्या इन्सुलेशनमध्ये आत पोकळ्या पडल्या, थर सुटले, तरी उरलेले अखंड थर डीसीला अडवून धरतात आणि आकडा देखणा येतो. म्हातारपण वेगळ्या वाटेने येतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. त्यात कॉइल सेकंदाला शंभर वेळा थरथरते. वेज सैल असेल तर तिच्यावरचा अर्धवाहक लेप कोअरवर घासून निघतो, मग तिथे ठिणग्या, ओझोन, आम्ल आणि शेवटी ती पूड. पूड दिसली की ती पुसून टाकण्याआधी फोटो काढा आणि स्लॉट नंबर लिहून ठेवा.

आपल्याकडे उलटी चूकही होते. जुलैत कर्जत-खालापुरात हवेतच पाणी असतं. बंद मशीनचा स्पेस हीटर कुणी बंद ठेवला की मेगर काही मेगओहमवर येतो आणि लगेच रिवाइंडिंगचं कोटेशन मागवलं जातं. घाई करू नका. वाइंडिंग पुसून हळूहळू तापवून सुकवा आणि पुन्हा मोजा. वाइंडिंगचं तापमान टिपल्याशिवाय आकडा लिहू नका, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की रोधही साधारण निम्मा होतो. म्हणून सगळे आकडे ४० अंशांवर आणूनच ताडायचे.

कोणत्या काळाची वाइंडिंग आहे, हेही बघायला हवं. या पट्ट्यात वीज तयार होते ती १९१५ पासून खोपोलीत आणि १९२२ पासून भिवपुरीत, दोन्हीकडे घाटावरच्या तलावांच्या पाण्यावर. त्या जमान्यातल्या यंत्रांना शेलॅक किंवा डांबर वापरलेलं अभ्रकाचं इन्सुलेशन असायचं. तशा जुन्या वाइंडिंगला किमान मेगओहम म्हणजे केव्ही अधिक एक, म्हणजे ११ केव्हीला १२. आजच्या इपॉक्सी-अभ्रक कॉइलला किमान १०० हवेत आणि पीआय निदान दोन. पण एका मिनिटाचा आकडा पाच हजारांच्या वर असेल, तर पीआयवरून निष्कर्ष काढू नका.

टॅन डेल्टा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवत घ्या. एकाच आकड्यापेक्षा व्होल्टेजबरोबर तो किती चढतो, ते बोलकं असतं. पीडीची तुलना शेजारच्या कारखान्याच्या मशीनशी नको. त्याच मशीनच्या, त्याच उपकरणाने घेतलेल्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी करा. नवी वाइंडिंग बसवली की पहिल्याच दिवशी या सगळ्या चाचण्या घेऊन कागद जपून ठेवा. तो कागद नसेल, तर पुढे ताडायचं कशाशी?

आणि दहा मिनिटांचा मेगर झाल्यावर वाइंडिंग किमान चाळीस मिनिटं अर्थ करून ठेवा. तोवर हात लावू देऊ नका, पूड पाहायलासुद्धा नाही.