बस बदलली, हिशोबही बदला

व्यापारी व कारागीर बंधूंनो, कोंढ्यासारख्या गावात एस.टी.च्या वेळेवर दुकान उघडते. भंडारा-पवनी रस्त्यावरची एखादी फेरी पुढेमागे झाली की शिंप्याचे अस्तर उशिरा येते, मणियाराची बाजारातली सकाळ हुकते. तेवढ्यात थांब्यावर खासगी गाडी येते. आपण भाडे विचारतो आणि बसतो. आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे की, भाडे हा हिशोबाचा फक्त एक रकाना आहे.

पहिला रकाना भाड्याचा. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्के वाढले. म्हणून एकट्याचा हिशोब वेगळा, कुटुंबासह जाण्याचा वेगळा. शिवाय अर्ध्या तिकिटात भगिनी मोठ्या बाजाराला सहज जातात. जी बस माल आणते, तीच गिऱ्हाईकही नेते. ते राखायचे तर वायद्याच्या दिवशी काम आणि चोख माप हाच उपाय.

दुसरा रकाना वेळेचा. समजा, खासगी गाडीत दहा रुपये वाचले. पण ती भरेपर्यंत पाऊण तास गेला. त्या वेळेत एक गिऱ्हाईक पन्नास रुपयांचा नफा देऊन गेले असते, तर चाळीस रुपयांचा तोटा झाला.

तिसरा रकाना जोखमीचा. जागोजागी प्रवासी घेऊन प्रत्येकाचे वेगळे भाडे घेण्यास टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. मालवाहू गाडीत बसणे तर फारच धोक्याचे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर तिच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. इतर प्रवासी येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बलजित कौर खटल्यात सांगितले. म्हणून आपल्या मालासोबत जाताना बिल जवळ ठेवा. रिकाम्या हाताने टेम्पोत चढू नका. घरचा कमावता गेला आणि भरपाई अडली, तर वाचलेले दहा रुपये मुलांच्या काय कामाचे?

चौथा रकाना उद्याचा. एस.टी. फेरीचे भारमान पाहते, म्हणजे किती जागा भरल्या ते. आपण रोज खासगी गाडीत बसलो तर कागदावर फेरी रिकामी दिसते. ती बंद पडल्यावर खासगी गाडीवाला भाडे वाढवील, तेव्हा त्याला अडवणारे कोणी उरणार नाही. दोन्ही असण्यातच आपला फायदा आहे.

फेरीची वेळ गैरसोयीची असेल तर नुसती कुरकूर नको. आठवडाभर रोज थांब्यावर किती लोक, कोणत्या वेळी, कुठे जाणारे, याची नोंद करा. सर्व समाजांच्या दुकानदारांच्या सह्या घ्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा आणि पवनी आगाराच्या व्यवस्थापकांना अर्ज देऊन पोच घ्या. आकड्यांसह केलेल्या मागणीला वजन असते. आणि फेरी मिळाली की तिच्यात बसा. नाहीतर पुढच्या अर्जाला कोण विचारील?