अंदमान-निकोबारची जीवसृष्टी

अंदमानचे नाव उच्चारताच आपणां मराठी वाचकांस प्रथम आठवते ते काळे पाणी आणि १९०६ साली बांधून पूर्ण झालेला सेल्युलर तुरुंग. त्या इतिहासाचे स्मरण आपण अवश्य ठेवू. परंतु तुरुंगाच्या भिंतींपलीकडील अरण्याची ओळख आपण क्वचितच करून घेतो. ती थोडक्यात करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

बंगालच्या उपसागरात दक्षिणोत्तर पसरलेली ही बेटे म्हणजे म्यानमारमधील आराकान पर्वताच्या समुद्रात बुडालेल्या रांगेची शिखरे होत. येथे येण्यास जीवांना तीनच मार्ग होते: उडत, पोहत किंवा लाटांवर वाहत. म्हणूनच येथे वाघ नाही, बिबट्या नाही. जे थोडे जीव पोहोचले, ते मुख्य भूमीवरील भाऊबंदांपासून तुटले आणि असंख्य पिढ्यांनंतर निराळेच होऊन बसले.

तांबूस, टिकाऊ लाकडाचा अंदमानी पडौक हा आपल्या सह्याद्रीतील बिबळ्याचा जवळचा नातलग होय. नारकोंडम हे ज्वालामुखीतून निर्माण झालेले बेट जेमतेम सात चौरस किलोमीटरांचे. पण तेथील धनेश जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबविते व नर तिला फळे आणून भरवितो. अर्थात, जुने मोठे वृक्ष नसतील तर धनेशही उरणार नाही. निकोबारचा मेगापोड पक्षी तर अंड्यांवर बसतच नाही. किनाऱ्यालगत वाळू, माती व पालापाचोळा यांचा ढीग रचून तो त्यात अंडी पुरतो; कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेने ती उबतात.

या सृष्टीचे वेगळेपण ज्या एकांतातून निपजले, त्यातच तिची दुर्बलता आहे. इंग्रजी अमदानीत येथे आणून सोडलेल्या चितळांना खाणारा कोणी नसल्याने ते बेसुमार वाढले व कोवळी रोपे फस्त करू लागले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने मेगापोडचे कित्येक ढीग वाहून नेले. ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरात चामडी पाठीची प्रचंड कासवे अंडी घालावयास येतात. तेथेच मोठे बंदर उभारण्याच्या प्रकल्पास २०२२ साली पर्यावरणविषयक मान्यता मिळाली. बंदराचे लाभ व कासवांचा किनारा यांचा मेळ कसा घालावा, हा आज विचारवंतांपुढील बिकट प्रश्न आहे.

मुख्य भूमीवर एका रानातून नाहीसा झालेला जीव शेजारच्या रानातून परत येऊ शकतो. नारकोंडमच्या धनेशाला मात्र दुसरे रान नाही. विद्यार्थिमित्रहो, नकाशातील हे लहानसे ठिपके पाहताना एवढे ध्यानी ठेवावे, हीच आमची विनंती.