समुपदेशकाची पाटी आणि नोंदणीचा कायदा

'समुपदेशक' अशी पाटी लावायला महाराष्ट्रात वर्षानुवर्षे कोणताच परवाना लागत नव्हता. डॉक्टरला मेडिकल कौन्सिल, वकिलाला बार कौन्सिल, परिचारिकेला नर्सिंग कौन्सिल. समुपदेशकाला विचारणारे कोणी नव्हते. याच मोकळ्या रानात तीन-तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रांचा बाजार फोफावला. नीटचा निकाल लागला की चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडच्या पालकांची पावले तिकडे वळतात. एमबीबीएस हुकले, बीएएमएसची फी झेपत नाही, मग पोर निदान 'मनाचा डॉक्टर' तरी होईल, असा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. कायदा काय सांगतो हे पाहिले की चूक कुठे आहे ते कळते.

पहिला कायदा 1992 चा, भारतीय पुनर्वसन परिषदेचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावेच लागते. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यासाठी आजवरचा रस्ता होता मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यानंतर रुग्णालयात राहून दोन वर्षांचे एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले. या विषयापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 पर्यंत मुभा दिली होती. त्यामुळे 'बी.ए. सायकॉलॉजी, मग एम.ए., मग एम.फिल.' हे पाठ झालेले उत्तर आता जुने झाले. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती त्या-त्या अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीसाठी असते. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या यादीत नाव आहे का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा. नुसत्या एम.ए.वर ही नोंदणी होत नाही.

दुसरा कायदा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो 29 मे 2018 पासून लागू झाला. राज्याच्या पातळीवरची नोंदणी यात आहे. मनोविकारतज्ज्ञाशिवाय तिघांची व्याख्या हा कायदा करतो: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ता. या तिघांची नोंद ठेवण्याचे काम राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे. समुपदेशक या व्याख्यांमध्ये नाही.

समुपदेशक कायद्याच्या कक्षेत येतो तो 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात. मानसशास्त्रज्ञ, निरनिराळ्या आजारांचे व एचआयव्हीचे समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते या सर्वांची नावे त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि नोंदणीसाठी प्रत्येक राज्यात परिषद नेमायची आहे. या कायद्यानुसार सगळ्यात खालच्या पायरीच्या पात्रतेलाही किमान 2000 तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण लागते. तीन महिन्यांचा शनिवार-रविवारचा वर्ग त्यात कोणत्याही गणिताने बसत नाही. याच कायद्याचा आधार घेऊन अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करण्याची वाटही त्यामुळे संपली.

प्रमाणपत्र विकणाऱ्यांची कागदपत्रे नीट वाचली की भांडे फुटते. कागदावर सोनेरी शिक्का असतो आणि खाली 'शासनमान्य नोंदणी क्रमांक' छापलेला असतो. तो क्रमांक बहुधा सोसायटी किंवा कंपनी म्हणून संस्थेची नोंद झाल्याचा असतो. अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. आयएसओचे चिन्हही कार्यालयाच्या कामकाजपद्धतीबद्दल बोलते, शिकवण्याच्या दर्जाबद्दल नाही. शाळेत मुलांशी बरे बोलता यावे म्हणून एखाद्या शिक्षकाने असा वर्ग केला तर हरकत नाही. त्याच्या जोरावर आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाला हाताळणे मात्र धोक्याचे आहे.

आता त्या वाटेबद्दल, जिच्याकडे चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कोणी बघत नाही: नर्सिंग. जीएनएम ही पदविका तीन वर्षांची, आणि तिला बारावीची कोणतीही शाखा चालते. इंग्रजीत 40 टक्के लागतात. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे, विज्ञान शाखा आणि प्रवेश परीक्षा. त्यानंतर मनोविकार परिचर्येची एक वर्षाची पदविका करता येते. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पहिल्या पदवी-पदविकेनंतर लगेच मिळते, आणि 2017 च्या कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेला स्वतःची जागा आहे. पोट भरण्यासाठी दहा वर्षे वाट पाहावी लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात परिचारिकेचे पद असते. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठे सरकारी मनोरुग्णालय मात्र थेट नागपूरला, आणि भामरागड किंवा सिरोंच्याहून निघालेल्या नातेवाइकांसाठी ते कोसो दूर आहे.

दुसरी वाट समाजकार्याची. एम.एस.डब्ल्यू.ला वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय घ्यावा; मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणून नोंदणी हवी असेल तर पुढचे प्रशिक्षण वेगळे लागते, आणि तिथेही एम.फिल. बंद झाल्याचा प्रश्न आहेच.

या दोन्ही वाटांवर इथल्या मुलामुलींकडे असे एक भांडवल आहे जे पुण्या-मुंबईच्या पदवीधराकडे नाही: भाषा. एटापल्ली-भामरागडकडे माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी, मुलचेऱ्यात बंगाली. माडिया बाई पाच मिनिटे बोलते, आशाताई त्याचे मराठीत एक वाक्य करते, आणि डॉक्टर त्या एका वाक्यावर औषध लिहितात. झोप का उडाली, घरात दारू कोणाची, वाघाने धनी नेल्यापासून रानात पाऊल का पडत नाही, हे सगळे मधल्यामध्ये गळते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. कायदा असो वा नसो, व्यसनमुक्तीचे काम दोन्हीकडे पडलेले आहे, आणि ते दुभाष्या मधे ठेवून होत नाही.

अडतात ते पालक. 'सिस्टर' हा शब्द त्यांना कमीपणाचा वाटतो आणि 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द सोयरिकीत शोभतो. त्या शोभेपायी गहाण पडते ते पोरीचे आयुष्य. नीटचा तिसरा प्रयत्न लादणारे आणि तो फसल्यावर मन जाणण्याच्या धंद्यात तिला ढकलणारे पालक तेच असतात. मधल्या तीन वर्षांत तिच्या मनाची विचारपूस झालेली नसते. ज्याला ऐकून घेण्याची मुळात आवडच नाही, त्याने कुठलीही नोंदणी मिळवली तरी तो चांगला समुपदेशक होणार नाही.

फी भरण्याआधी संस्थेकडून एक गोष्ट लेखी मागावी: या अभ्यासक्रमानंतर कोणत्या परिषदेत, कोणत्या नावाने नोंदणी होते. उत्तर टाळले गेले तर पैसे भरू नयेत. आणि निकालानंतर घरातले मूल जेवत नसेल, झोपत नसेल, बोलत नसेल तर करिअरचा विषय बाजूला ठेवून टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतून बोलता येते, आणि पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.