शाळा नाकारणारे आणि शाळेने नाकारलेले

आपल्या परिसरातील काही सुशिक्षित पालकांमध्ये अलीकडे एक विचार मूळ धरू लागला आहे. शाळा मुलांची जिज्ञासा मारते, वर्ग म्हणजे असेंब्ली लाईन आणि शाळेची घंटा म्हणजे पाळीचा भोंगा. तेव्हा मुलाला घरीच शिकवावे, अथवा शाळेविना मोकळे वाढू द्यावे, असे हे पालक म्हणतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ही उपमा कोणालाही चटकन पटावी. तीन पाळ्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. हा विचार थट्टेवारी नेण्यासारखाही नाही, कारण त्याच्यामागे जगातील काही मोठे विचारवंत उभे आहेत. परंतु आपल्या समाजाने शाळेविषयी जो विचार दीडशे वर्षे केला, तो या विचाराच्या शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज त्याचा स्वीकार किंवा धिक्कार करणे उचित होणार नाही.

शाळाविरोधी विचारवंतांत सर्वांत गाजलेले नाव इव्हान इलिच यांचे. व्हिएन्ना येथे जन्मलेले इलिच धर्मगुरू होते. त्यांच्या कार्याची बरीच वर्षे प्वेर्तो रिको आणि मेक्सिको येथे गेली. १९७१ साली त्यांचा ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाळा प्रमाणपत्रालाच ज्ञान समजण्याची सवय लावते, असे त्यांचे म्हणणे. जो मधेच गळतो त्याला ती आपल्या गळतीचा दोष स्वतःकडे घ्यायला शिकवते, आणि गरीब देशांत शाळांवर होणारा खर्च मुख्यतः वरच्या थरातील मुलांच्याच पदरात पडतो. म्हणून शाळेऐवजी ज्याला शिकायचे आहे आणि ज्याला शिकविता येते अशांची गाठ घालून देणारी व्यवस्था असावी, असे त्यांनी सुचविले. त्याच काळात ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांनी शिक्षकाने मुलांच्या डोक्यात माहितीची ठेव ठेवीत जाण्याच्या पद्धतीवर टीका केली. शेतमजुरांना त्यांच्याच जगण्यातील शब्दांतून अक्षरओळख करून देणाऱ्या या शिक्षकाला १९६४ च्या लष्करी उठावानंतर तुरुंगात जावे लागले.

इलिच यांचा खर्चाविषयीचा आक्षेप मराठी वाचकाला नवा वाटू नये. तो त्यांच्या ८९ वर्षे आधी पुण्यात मांडला गेला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, ते सरकारी शिक्षणावरील आपल्याकडील सर्वांत धारदार टीकांपैकी एक आहे. शेतसारा भरतो कुणबी, आणि त्यातून उभारलेल्या पैशावर उच्च शिक्षण घेतात वरच्या वर्गाची मुले, हा त्यांचा पहिला घाव. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारचा सिद्धान्त त्यांनी साफ नाकारला. शिक्षक बहुतांशी एकाच जातीचे, त्यांतील पुष्कळजण प्रशिक्षण न घेतलेले आणि पगार अपुरा, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. निकालावर अनुदान देण्याची त्या वेळची पद्धत गरीब वस्तीतील शाळांना मानवणारी नाही, हा त्यांचा आक्षेप तर आजच्या ‘गुणवत्ता निर्देशांका’च्या काळात पुन्हा वाचावा असा आहे.

एवढी टीका करून जोतीराव कोणत्या मागणीवर येतात? शाळा बंद करा, असे ते म्हणत नाहीत. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे म्हणतात. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान हवे, आणि शेती केवळ पुस्तकातून न शिकविता शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, अशी त्यांची सूचना आहे. ‘कृतीतून शिक्षण’ ही कल्पना परदेशातून आली असे अध्यापक विद्यालयांत शिकविले जाते. तेथे या निवेदनाचे एक पान वाचून दाखविण्यास फार वेळ लागणार नाही.

इलिच आणि जोतीराव यांचे निदान एक असून औषध वेगळे का, याचे उत्तर त्यांच्या उभे राहण्याच्या जागेत आहे. शाळेत गेलेल्या माणसाला शाळेचा कंटाळा येऊ शकतो. ज्याला दारातूनच परत पाठविले त्याचा प्रश्न निराळा असतो. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. या एका मुलाला घेतले तर इतर मुले शाळा सोडतील, या कारणास्तव त्याला प्रवेश नाकारण्यात आला. अर्ज करणाऱ्या त्या मुलाकडे शाळेचा कायदा नव्हता, संघटना नव्हती, वर्तमानपत्र नव्हते. तरी त्याने सरकारला लिहिले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे प्रकरण मुद्दाम नोंदविले. त्याच्या एकच वर्ष आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. एक मूल दाराबाहेर आणि एक मूल लिहिते झालेले, अशी ही लागोपाठची दोन वर्षे आहेत.

बाबासाहेबांची टीकाही कमी कठोर नव्हती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यावर उपाय म्हणून त्यांनी शिक्षण स्वस्त करा, खर्च वाढवा, असा आग्रह धरला. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू असलेले जॉन ड्युई हे स्वतः रूढ शाळेचे मोठे टीकाकार होते. १९१६ च्या आपल्या ग्रंथात ड्युई यांनी एक इशारा दिला होता: धंदेशिक्षण मालकांच्या गरजेपुरते आखले, तर ते चालू समाजरचनाच पुढे चालवीत राहील. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांनी हे वाक्य स्वतःच्या संदर्भात तपासून पाहावे.

कारण हातकामाच्या शिक्षणाचा प्रश्न आपल्यासाठी नेहमीच दुधारी राहिला आहे. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी आला. विचार उदात्त होता, पण मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा ही त्यातील अपेक्षा अडचणीची होती. त्याहून बोलके उदाहरण मद्रास राज्याचे. १९५३ साली राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे ओळखून पेरियार यांनी तिच्याविरुद्ध रान उठविले आणि पुढच्याच वर्षी, कामराज मुख्यमंत्री झाल्यावर, ती मागे घेण्यात आली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतही हाच वाद होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे धंदेशिक्षणावर भर दिला, तर डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आमच्या मुलांना उच्च विद्येपासून तोडू नका असे बजावले. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

मग हाताने शिकणे सोडून द्यावयाचे काय? तसे आम्हाला वाटत नाही, आणि न वाटण्याचे कारण चाकणहून फार दूर नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाने शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलामुलींना घेतले आणि वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, माती-पाणी परीक्षण, पशुपालन, अन्नप्रक्रिया ही कामे शिकविली. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे आणि त्याचा मोबदला मिळावा, ही तेथील रीत. ‘पाबळ डोम’ या नावाने ओळखली जाणारी घुमटाकार घरे आणि ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर येथलाच. पुढे अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने याच खेड्यात २००२ मध्ये ‘फॅब लॅब’ उभी राहिली. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा येथील अभ्यासक्रम राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला.

पाबळ आणि मद्रास यांतील फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. मद्रासच्या योजनेत मुलाचे काम त्याच्या जन्माने ठरत होते. पाबळला प्रत्येक जण सर्व कामे करतो. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाकघरातील पोषणमूल्ये मोजतो, आणि कामामागील विज्ञान दोघांनाही शिकावे लागते. कोणताही ‘पर्यायी’ शिक्षणप्रयोग समोर आला की, काम कोणी ठरविले आणि पुढच्या वर्गाचा रस्ता उघडा राहिला की नाही, एवढे पाहावे, असे आम्हास वाटते. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, वीजकाम, धातुकाम यांचा अनुभव देण्याची आणि दहा दिवस दप्तराविना काढण्याची शिफारस आहे. ती सर्वच शाळांतील मुलांसाठी अमलात आली तर उत्तम. मात्र महापालिकेच्या शाळेत धातुकाम आणि शुल्कवाल्या शाळेत रोबोटिक्स अशी वाटणी झाली, तर मद्रासचा धडा येथे गिरविला जाईल.

‘गुरुकुल’ या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण पर्यायी शिक्षण म्हटले की आपल्याकडे तो लगेच पुढे येतो. चिंचवडगावात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् चालते. पारधी मुलांना जवळ करण्याच्या कामाविषयी आम्हाला अनादर नाही. आमचा मतभेद शब्दाशी आहे. एकलव्याचा अंगठा ज्या परंपरेत गेला, तिचे नाव त्याच्याच वारसांच्या शाळेला का असावे? आपल्याकडे दुसरी परंपरा आहे. विनयपिटकातील महावग्गात उपाध्याय आणि सद्धिविहारिक म्हणजे शिष्य यांची परस्पर कर्तव्ये सांगितली आहेत. गुरूच्या मनात चुकीची दृष्टी उत्पन्न झाली तर शिष्याने ती दूर करावी, हे तेथे शिष्याचे कर्तव्य मानले आहे. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याला दातण आणि तोंड धुण्याचे पाणी द्यावे, असेही सांगितले आहे. निवासी शाळेत तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या शिक्षकांना हा नियम माहीत नसतानाही ते तो पाळीत असतात.

येथून आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळेला आपल्या समाजाने शोधलेला खरा पर्याय म्हणजे वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग हे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविली. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. परळच्या चाळीतील एका खोलीत, घरातील सारे निजल्यावर रात्री उठून अभ्यास करणाऱ्या बाबासाहेबांना हे ठाऊक होते की शाळेचे पाच तास पुरत नाहीत. उरलेल्या एकोणीस तासांत दिवा, दोन वेळचे अन्न आणि अभ्यासाला सोबती लागतो. घरी शिकवायचे तर आधी तसे घर हवे. चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात आई पॅकिंगला, वडील कंत्राटी कामगार, दहा बाय दहाची भाड्याची खोली आणि अकरा महिन्यांनी बदलणारा पत्ता, अशा मुलाला ‘शाळेविना मोकळे वाढणे’ म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. तेव्हापासून या पट्ट्यातील वस्त्यांत जे विहार उभे राहिले, त्यांतील कित्येकांना लागून अभ्यासिका आहे, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

दुसरीकडे सार्वजनिक शाळा आतून आकसत चालली आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये राज्यात पुढे आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारा नियम करण्यात आला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अशा वेळी बोलका पालक आपले मूल घेऊन घरी बसला, तर त्याची तक्रारही त्याच्याबरोबर घरी जाते. शाळा व्यवस्थापन समितीत त्याच्या जागी कोण बोलणार? शाळेच्या टीकाकारांची शाळेला गरज आहे, पण ती समितीच्या बैठकीत.

आपल्या शाळेपुरते एक काम सुचते. येथून शिकून गेलेली कितीतरी मुलेमुली आज भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांत ऑपरेटर, फिटर, पर्यवेक्षक, अभियंते आहेत. त्यांनी महिन्यातील एक शनिवार दिला, तर आठवीचा वर्ग दशांश अपूर्णांक मायक्रोमीटर हातात धरून शिकेल आणि संध्याकाळी त्याच हातांनी ग्रंथालयात जोतीरावांचे निवेदन उघडेल. मुलींची तुकडीही त्याच टेबलावर बसेल. कोणाच्या घरी जुने, पण शून्यावर नीट जुळणारे व्हर्निअर कॅलिपर पडून असतील, तर त्यांनी ते शाळेच्या कार्यालयात आणून द्यावेत.